एका कांकणाचा नेम

मी बँकेतला कारकून. ३५ वर्षे रोजकीर्द जुळवली. घरच्यांचा नेमही तसाच मोजत आलो. सूनबाई पहाटेच्या लोकलने कर्जतहून मुंबईला जाते. दोन तास जायचे, दोन यायचे. गेल्या दत्तजयंतीला ती सप्ताहाला बसली नाही, तर मी चारचौघांत बोलून गेलो, "नेम म्हणजे नेम!" ती गप्प राहिली.

नंतर आमच्या हिने सांगितले, "अहो, ती रोज भिवपुरी ते नेरळ डोळे मिटून जप करते. सुट्टीला कणीक मळताना. एक दिवस चुकली नाही."

भागवताच्या ११व्या स्कंधात अवधूतांचे २४ गुरू आहेत. त्यांत एक कुमारी. पाहुणे आलेले, भात कांडताना कांकणे वाजू लागली. तिने एकेक उतरवून हातात एकच ठेवले. कांडण थांबले नाही. यातून एकांत शिकावा, असे आपण ऐकत आलो. मला आता वेगळेच दिसते: अवधूतांनी गुरू मानली ती कामात असलेली मुलगी!

आणि माझा तासाभराचा नेम कशावर उभा? आयत्या चहावर. ही रक्कम मी कधी खात्यात धरलीच नव्हती. यंदा सप्ताहात सकाळचा चहा आणि तिचा डबा माझ्याकडे. वाचायचे किती, ते तिचे ती ठरवील.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!