निर्दोष हाताचा घाव

ज्याला आपण काय करीत आहों हें कळत नाहीं, त्याच्या कृत्यास अपराध म्हणूं नये, हें तत्त्व जुनें आहे. इंग्लंडांत १८४३ सालीं मॅकनॉटनच्या खटल्यानंतर न्यायाधीशांनीं त्याला नियमाचें रूप दिलें. आपल्याकडे १८६० च्या दंडविधानानें तें स्वीकारलें, आणि २०२४ सालीं त्याच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही तें कायम आहे. तें न्याय्यच आहे. परंतु अपराधी कोणी नाहीं असें ठरलें कीं प्रश्न मिटला, असें मानण्याकडे आपला जो कल असतो, तो मात्र तपासून पाहिला पाहिजे.

ऑस्ट्रेलियांतील वृद्धांच्या शुश्रूषागृहांचें उदाहरण घ्या. पूर्वीच्या नियमांप्रमाणें तेथील रहिवाशावर हल्ला झाल्यास तो सरकारास कळविणें संस्थेस भाग होतें. हल्ला करणारा दुसरा रहिवासी असून त्याची बुद्धि आजारानें क्षीण झालेली असेल, तर मात्र कांहीं अटींवर या बंधनांतून सूट मिळे. ती सूट १ एप्रिल २०२१ पासून काढून टाकण्यांत आली. तत्पूर्वींच संशोधकांनीं मृत्युचौकशीच्या दप्तरांवरून दाखविलें होतें कीं, २००० ते २०१३ या काळांत अशा प्रसंगांतून त्या देशांत २८ मृत्यू झाले. बहुधा एकानें ढकललें आणि दुसरा पडला, एवढेंच घडलेलें! ज्याचें हाड मोडलें, त्याला ढकलणाराचा हेतु काय होता यानें काय फरक पडतो?

हे प्रसंग विरळा असतात असेंही नाहीं. न्यूयॉर्क राज्यांतील १० शुश्रूषागृहांच्या, २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, ४ आठवड्यांत सुमारें २० टक्के रहिवासी परस्परांतील शिवीगाळ, मारहाण वा तत्सम प्रसंगांत सांपडलेले आढळले.

कोणी म्हणेल, दांडग्या रहिवाशास बांधून ठेवा किंवा औषधानें गुंगींत ठेवा. पण तोही त्याच घरचा आश्रित आहे. केवळ शिस्तीसाठीं वा नोकरांच्या सोयीसाठीं असें करण्यास अमेरिकेच्या १९८७ च्या कायद्यानें मनाई केली आहे. आणि मनोविकारांवरील कांहीं औषधांनीं स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रोग्यांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा तेथील औषध-नियंत्रण खात्यानें २००५ सालींच दिला आहे. शिवाय शिक्षा ही बुद्धीला उद्देशून असते; जेथें बुद्धीच हरपली, तेथें शिक्षा ही निव्वळ क्रूरता होय.

मग भार कोणावर? माझ्या मतें उत्तर सरळ आहे. करणाराची जबाबदारी जेवढी कमी होते, तेवढी सांभाळणाराची वाढते. ती मधल्यामध्यें नाहींशी होत नाहीं. परक्याच्या खोलीला आपली समजून शिरणारा म्हातारा, भोजनाच्या वेळची गर्दी, सांगतां न येणारी वेदना, रात्रपाळीस एकटीच राहिलेली परिचारिका, यांतून झटापट उद्भवते. आणि यांपैकीं बऱ्याचशा गोष्टी आधीं ओळखतां येतात. ज्या शांत खोलीस, ज्या पुरेशा माणसांस पैसा लागतो, तो न खर्चून आपण "बिचाऱ्याला कळत नाहीं" असें म्हणतों, तेव्हां ती दया नसून हिशेब असतो. ज्याला कळत नाहीं तो निर्दोष खरा; परंतु ज्यांना कळतें, त्यांनीं त्याच्या निर्दोषतेच्या आड लपूं नये.