मजुरी कोणाच्या हातीं?

“नवराबायकोच्या भांडणांत तिऱ्हाइतानें पडूं नये,” असें गांवोगांव ऐकूं येतें. ज्याच्या मळ्यांत किंवा घरीं बाई कामास येते, तो धनीही इतकें म्हणून मोकळा होतो. परंतु तो खरोखर तिऱ्हाईत आहे काय, याचा आम्ही विचार करूं.

सातारा व सांगली जिल्ह्यांत ऊसतोडीस दरसाल दुष्काळी मुलुखांतून टोळ्या येतात. तेथें नवराबायको मिळून एक कोयता धरितात, व दोघांच्या श्रमाची उचल मुकादम बहुधा नवऱ्याच्या हातीं देतो. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. पैसा मात्र तिला दिसत नाहीं. मार असह्य झाला तर ती जाईल कोठें? एस. टी.चें भाडेंही तिजजवळ नसतें. ज्यानें अशी उचल दिली, त्यानें त्या घरांत आधींच पाऊल टाकिलें आहे.

याउलट माण तालुक्यांत म्हसवड येथें १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. सभासद बाया निरक्षर म्हणून पहिला अर्ज नामंजूर झाला होता. त्या अक्षरें शिकल्या व पुन्हां मागावयास गेल्या. आपल्या नांवावरची शिल्लक म्हणजे काय, हें त्यांस ठाऊक होतें.

कायदाही धन्यास परका मानीत नाहीं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें पैशाची कोंडी हाही छळच ठरविला आहे. छळाची खबर कोणीही संरक्षण अधिकाऱ्यास द्यावी. सद्भावनेनें देणारावर दोष येत नाहीं. नवऱ्यानें ठरलेली रक्कम चुकविल्यास, त्याच्या पगारांतून ती परस्पर बायकोस देण्याचा हुकूम न्यायाधीश धन्यास करूं शकतो.

तर मग धन्यानें काय करावें? बाईची मजुरी बाईच्याच हातीं द्यावी. अंगावर वळ दिसले तर चारचौघांत नव्हे, एकांतांत दुसऱ्या बाईकरवीं विचारावें. कोर्टकचेरीस गेलेल्या दिवसांसाठीं तिचें काम दुसऱ्यास देऊं नये. तिचें गुपित राखावें. “सोसून घे” असा उपदेश करूं नये. तसेंच तिच्या संमतीवांचून नवऱ्यास दटावूंही नये, कारण त्याचा राग रात्रीं तिच्याच अंगावर निघतो. मारणारा आपलाच गडी असेल, तर तो कामाचा आहे म्हणून डोळेझांक करूं नये.

वाचकहो, आपणांपैकीं पुष्कळ जण मजूर आहेत; कित्येक सुगीपुरते धनीही होतात. येत्या आठवड्याच्या बाजारीं पगार वांटतांना प्रत्येकानें एवढेंच पाहावें, कीं हात कोणाचा पुढें आहे आणि श्रम कोणाचे झाले आहेत.