नऊ मुलांसाठी कशाला?



दर शनिवारी दुपारी चर्चच्या आवारात जमणारे आपले पथक आता लहान झाले आहे. सहा स्काऊट आणि तीन गाईड. दिवाळी झाली की त्यांतली तीन मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातील. दहावी झालेली मुले पुण्याला किंवा चाकण-रांजणगावला कामाला जातात आणि नाताळलाच गावी दिसतात. म्हणून पॅरिश कौन्सिलच्या सभेत एकाने विचारले, "फादर, नऊ पोरांसाठी एवढा खटाटोप कशाला?" त्या प्रश्नात राग नव्हता, हिशोब होता. हिशोबाच्या प्रश्नाला नीट उत्तर दिले पाहिजे.

विचारणाऱ्याची बाजू आधी समजून घेऊ. गणवेशाला पैसे लागतात, शिबिराला जायला गाडी लागते, आणि एका गुरुजींचा सगळा शनिवार त्यात जातो. तेवढ्याच वेळात चाळीस मुलांची इंग्रजी-गणिताची शिकवणी होईल. धर्मग्रामाचा पैसा सर्वांचा आहे. तो थोड्यांवर खर्च करायचा तर कारण सांगावे लागते. "लहान आहे म्हणून गोड आहे" हे काही कारण होत नाही.

माझे उत्तर असे आहे. काही गोष्टी शिकवून देता येतात. गणिताची रीत फळ्यावर मांडली तर चौघे असोत की चाळीस, सर्वांना सारखी मिळते. जबाबदारी, धीर, दिलेला शब्द पाळणे या गोष्टी मात्र फळ्यावर मांडून येत नाहीत. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात हेच सांगितले. घरे बांधता बांधता माणूस गवंडी होतो आणि न्यायाची कामे करता करता न्यायी होतो. संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार ख्रिस्ती नीतिविचारात आणला. सद्‌गुण म्हणजे अंगवळणी पडलेला चांगुलपणा. आणि सवय लागायची तर प्रत्येकाची पाळी यावी लागते. चाळीस जणांत पाळी क्वचित येते. नऊ जणांत ती रोज येते.

स्काऊट चळवळ याच पायावर उभी आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर घेतले, तेव्हा त्यांच्याबरोबर वीसेक मुले होती. त्यांत काही श्रीमंतांच्या शाळांतली होती, तर काही साध्या कष्टकरी घरांतली. त्यांनी मुलांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघाला मुलांतलाच एक नायक दिला. आज जगभर ५ कोटींहून अधिक स्काऊट आहेत, पण काम अजून त्या लहान संघातूनच चालते. साधारण सहा ते आठ मुले, त्यांचा एक संघनायक, आणि प्रत्येकाकडे एक काम. म्हणजे आपले नऊ हे एखाद्या मोठ्या पथकाचे उरलेसुरले तुकडे नव्हेत. तो एक पुरा संघ आहे.

मागच्या शिबिरात काय झाले ते पाहा. दोर आणायचे काम एकाचे, पातेले दुसऱ्याचे, काडेपेटी तिसऱ्याची. दोर विसरला असता तर तंबू उभा राहिला नसता, आणि दुसरा कोणी दोर आणील असे म्हणायला दुसरा कोणी नव्हता. तो दोरही त्यांनीच 'खरी कमाई'च्या पैशातून घेतलेला. शेतात कांदे भरून, अंगणे झाडून मिळवलेला पैसा तो. हरेगावच्या यात्रेत याच मुलांनी भाविकांना पाणी वाटले. घरी सांगूनही तांब्या न उचलणारा मुलगा तिथे भर उन्हात हंडा घेऊन उभा होता.

येशूसंघीय धर्मगुरू जाक सेवँ यांचे उदाहरण मला जवळचे वाटते. त्या काळी युरोपातील अनेक कॅथलिकांना ही चळवळ परकी वाटत होती. सेवँ यांनी १९१३ साली इंग्लंडला जाऊन ती स्वतः पाहिली, बेडन-पॉवेल यांना ते भेटले, आणि १९२० साली फ्रान्समध्ये कॅथलिक स्काऊटांची संघटना उभारण्यात ते अग्रभागी होते. खेळातून, जंगलातून, सेवेतूनही मूल देवाकडे जाऊ शकते हे त्यांनी ओळखले. २०१२ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात ख्रिस्तसभेने त्यांना 'पूजनीय' म्हणून घोषित केले.

आता दुसरे कारण, आणि मला ते अधिक जड वाटते. स्काऊट होताना मूल आपल्या अब्रूला स्मरून वचन देते. देवाप्रती आणि देशाप्रती कर्तव्य करीन, इतरांना मदत करीन, स्काऊटचा नियम पाळीन. दहा वर्षांचे मूल हे शब्द उच्चारते तेव्हा समोर उभे असलेले आपण मोठे लोकही, न बोलता, एक वचन देत असतो: तू येशील तेव्हा आम्ही इथे असू. आकडा कमी झाला म्हणून आपण आवार बंद केले, तर वचन सोयीचे असेल तोवरच पाळायचे असते हा धडा मूल घेईल. पुढे दहा उपदेश केले तरी तो पुसला जाणार नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात आब्राहाम सदोम नगरासाठी देवाशी घासाघीस करतो. पन्नासापासून सुरुवात करून तो दहापर्यंत खाली येतो. आपण विचारतो, "किती असतील तर चालवायचे?" आब्राहाम विचारतो, "किती थोडे असले तरी वाचवशील?" आणि दर वेळी देव त्याला होकार देतो.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पथक कसेही करून चालवलेच पाहिजे, असे माझे म्हणणे नाही. मुले केवळ आपल्या आग्रहाखातर येत असतील, केवळ झेंडा आणि नाव टिकावे म्हणून आपण धडपडत असू, किंवा मुलांसोबत नेहमी दोन जबाबदार मोठी माणसे ठेवणे जमत नसेल, तर मुलांना समोर बसवून, खरे सांगून, नीट निरोप घेऊन थांबणे हेच प्रामाणिकपणाचे. एकाच गुरुजींना राबवून चाललेले पथकही न्यायाचे नाही. मुलांसाठी केलेला त्याग एकट्याच्याच माथी मारायचा नसतो.

पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली आपल्या परिपत्रकात एक तत्त्व मांडले. लहान समूहाला जे करता येते ते मोठ्याने हिरावून घेऊ नये, आणि लहानाला जिथे बळ पुरत नाही तिथे मोठ्याने आधार द्यावा. आपल्यापुरता त्याचा अर्थ सोपा आहे. शनिवारची सभा गाव चालवील. शिबिरासाठी शेजारच्या गावांच्या पथकांशी हात मिळवू. सोपान परीक्षांसाठी जिल्हा संस्थेची मदत घेऊ. आणि दार गावातल्या प्रत्येक मुलाला, कोणत्याही धर्माचे असो, उघडे राहील.

म्हणून तीन विनंत्या. एक, आठ कुटुंबांनी आळीपाळीने शनिवार वाटून घ्यावा. दर वेळी गुरुजींबरोबर आणखी एक मोठे माणूस हजर असले पाहिजे. दोन, जुने स्काऊट नाताळला गावी येतील तेव्हा त्यांनी एक दिवस या मुलांना द्यावा. तीन, ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची नावे हजेरीपुस्तकातून कोणी खोडू नयेत. त्यांच्या नावापुढची जागा पाडव्यापर्यंत कोरी ठेवावी. कोयता खाली ठेवून घर परत येईल, तेव्हा त्या मुलाला आपली जागा आणि आपले काम शाबूत मिळाले पाहिजे.

इच्छुक कुटुंबांनी पुढच्या रविवारी मिस्सानंतर पॅरिश ऑफिसात नावे द्यावीत. आठ कुटुंबे मिळाली तर पथक चालू राहील. नाही मिळाली, तर मुलांना तसे सांगायला मी एकटा जाणार नाही. आपण सर्वांनी मिळून जायचे आहे.

प्रभूचा आशीर्वाद आपणा सर्वांवर असो.

आपला,
धर्मगुरू