हलता निवारा आणि त्रिविध संस्कार

निवारा आला की त्याच्याविषयीची आसक्ती अटळपणे येतेच काय, हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनात प्रायः गृहस्थ आणि संन्यासी यांच्या आश्रमभेदाच्या अनुषंगाने चर्चिला गेला आहे. परंतु जे घर मुळातच उचलून नेण्यासाठी घडविलेले असते आणि ज्याच्याखाली जमीनही नसते, त्या घराच्या बाबतीत तो अधिक निखळ स्वरूपात समोर येतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात गोठलेल्या सरोवरांवर मासेमारीसाठी वापरले जाणारे घडीचे तंबू हे अशा घराचे उदाहरण होय. बर्फाला भोक पाडून त्यातून गळ सोडणारा मासेमार वाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून हा तंबू पिकअप ट्रकच्या हौद्यात घालून काठापर्यंत आणतो, तेथून स्नोमोबाइलला, म्हणजे बर्फावर पट्ट्याच्या साहाय्याने धावणाऱ्या वाहनाला, जोडून सरोवरात आत नेतो आणि काम आटोपल्यावर त्याच वाटेने परत आणतो. मत्स्यहिंसेचा प्रश्न स्वतंत्र व गंभीर आहे. येथे विचार करावयाचा आहे तो या नेण्याआणण्याचा.

या वाहतुकीचे मर्म वैशेषिक दर्शनातील ‘संस्कार’ या संकल्पनेच्या आधारे उलगडता येते. वैशेषिकांनी मानलेल्या 24 गुणांपैकी संस्कार हा एक असून प्रशस्तपादाने ‘पदार्थधर्मसंग्रहा’त त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: वेग, म्हणजे गतिमान वस्तूला गतीत ठेवणारा गुण, स्थितिस्थापक, म्हणजे वाकविलेल्या वस्तूला पूर्वस्थितीत आणणारा गुण, आणि भावना, म्हणजे अनुभवाने आत्म्यात उमटून स्मृतीला कारण होणारा ठसा. पहिले दोन जड वस्तूंचे आणि तिसरा आत्म्याचा असूनही तिन्हींना एकच नाव दिलेले आहे, कारण घडून गेलेले तिघांतही मागे उरते आणि पुढे कार्य करते.

वेगाचा प्रत्यय घसरगाडी ओढताना येतो. तंबूच्या एका प्रकारात तळाशी होडीच्या आकाराची प्लास्टिकची घसरगाडी असून तिच्यावर बसण्याची जागा आणि उलटून डोक्यावर घेण्याचे कापडी छत बसविलेले असते. दोन माणसांचा असा तंबू रिकामा असतानाच साधारण 40 ते 50 किलो भरतो. तो दोराने ओढला तर वाहन थांबल्यावरही घसरगाडी थांबत नाही आणि मागून येऊन वाहनावर आदळते, कारण दोराला ओढता येते, रोखता येत नाही. म्हणून जाणकार मासेमार दोराऐवजी ताठ लोखंडी दांडा जोडतात. ज्ञान झाल्यानंतरही देह काही काळ का टिकतो, हे सांगण्यासाठी ‘सांख्यकारिके’ने कुंभाराच्या फिरत राहणाऱ्या चाकाचा जो दृष्टान्त योजला आहे, त्याचेच तत्त्व येथे दिसते: थांबण्याचा निश्चय झाला तरी मागचे ओझे लगेच थांबत नसते, त्याला आवरण्याची सोय आधीच करावी लागते.

स्थितिस्थापक गुण तंबूच्या दुसऱ्या प्रकारात दिसतो. त्याच्या भिंतींत काचतंतूंच्या लवचिक काड्या असतात, मधोमध धरून बाहेर ओढताच भिंत ताणून उभी राहते आणि आत दाबताच मिटते. मिटलेला तंबू लांबट पिशवीत घट्ट बांधला नाही, तर तो पुन्हा उसळतो. पहिल्या प्रकारच्या तंबूचे कापडही हमरस्त्यावर वारा आत शिरल्यास फुगू पाहते, म्हणून त्यावर खोळ चढवून तो पट्ट्यांनी हौद्याला आवळावा लागतो.

तिसरा संस्कार, भावना, याला मात्र दांडा किंवा पट्टा पुरत नाही. जेथे मासा लागला ती जागा मनात ठसते, पुन्हा तेथेच तंबू मांडावासा वाटतो आणि ‘ही माझी जागा’ हा भाव बर्फाइतक्या अस्थिर आधारावरही रुजतो. तंबू बराच काळ एकाच जागी राहिला तर आतील उबेने कडेचा बर्फ पाझरतो, रात्री तो पुन्हा गोठतो आणि कापडाची झालर त्यात अशी रुतून बसते की जोर लावल्यास फाटते. ज्या उबेसाठी घर मांडले, तीच घराला जखडून टाकते. आसक्तीच्या स्वरूपाचे याहून नेमके चित्र क्वचितच सापडेल.

‘भगवद्गीते’च्या 12व्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत ‘अनिकेत’ हा शब्द येतो, त्याचा विचार या संदर्भात उपयुक्त ठरतो. शंकराचार्यांनी त्याचा अर्थ नियत निवासस्थान नसलेला असा केला, लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त घर सोडण्यापेक्षा घरात मन न गुंतणे या अर्थावर भर दिला, आणि ज्ञानेश्वरांनी तर घर नाकारण्याऐवजी त्याची व्याप्ती अवघ्या विश्वाएवढी केली. हलत्या तंबूचा धनी शंकराचार्यांच्या अर्थाने अनिकेत होत नाही, कारण जमिनीवर त्याचे पक्के घर असते. पण तंबू वेळेवर मिटणे आणि त्याच्याखालचे सरोवर आपलेच मानून स्वच्छ ठेवणे या दोन कृतींनी तो उरलेल्या दोन अर्थांच्या जवळ जाऊ शकतो. मिनेसोटाचा कायदाही हेच बाहेरून घडवितो: मार्चमध्ये ठरलेल्या तारखांना, दक्षिणेत आधी व उत्तरेत नंतर, बर्फावरील निवारे हलवावे लागतात आणि 2023 पासून बर्फावर कचरा टाकण्याविरुद्ध स्वतंत्र तरतूद आहे.

याशिवाय वैशेषिकांच्या यादीतील ‘गुरुत्व’, म्हणजे पतनाला कारण होणारा गुण, विसरून चालत नाही. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या मार्गदर्शनानुसार नव्या, स्वच्छ बर्फाची जाडी पायी चालण्यास किमान 4 इंच, स्नोमोबाइलला 5 ते 7 इंच आणि लहान मोटारीला 9 ते 10 इंच असावी, तर पांढऱ्या बर्फाला हीच मापे दुप्पट धरावीत. आणि एवढे करूनही कोणताच बर्फ पूर्ण सुरक्षित मानू नये. आपले ओझे किती आणि आधार किती पेलतो, हे प्रत्येक पावलाला तपासणे हा अपरिग्रहाचा, म्हणजे गरजेपलीकडे न साठविण्याच्या व्रताचा, व्यावहारिक पाठ आहे.

सारांश, निवारा असणे आसक्तीला पुरेसे कारण नाही. तो उचलण्याची तयारी नसणे हे कारण आहे. वसंतात ज्या जागी केवळ पाणी दिसते, तेथील तंबू नीट नेला गेला असे समजावे.