तयारी आणि पाचवे कारण

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील लेडव्हिल हे जुने खाणींचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटर उंचीवर वसले आहे. १९८२ साली जवळची क्लायमॅक्स ही मॉलिब्डेनमची खाण बंद पडली आणि हजारो माणसांचा रोजगार गेला. गाव जगावे म्हणून केन क्लाउबर या खाणकामगाराने पुढच्याच वर्षी तिथे शंभर मैल पळण्याची शर्यत सुरू केली. १९९४ पासून त्याच डोंगरांत तितक्याच अंतराची, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरची, माउंटन बाइक शर्यतही होऊ लागली. ती ऑगस्टमध्ये भरते. सकाळी साडेसहाला कडाक्याच्या थंडीत सुटलेले सायकलस्वार कोलंबाइन खाणीपर्यंत, जवळजवळ ३,८०० मीटर उंचीवर चढतात आणि बहुतांशी त्याच वाटेने परत येतात. जाऊन येऊन चढ तीन हजार मीटरांहून अधिक भरतो. बारा तासांच्या आत पोहोचणाऱ्याला कमरपट्ट्याचे बक्कल मिळते. प्रवेश मिळतो तो बहुतेकांना लॉटरीतून.

या एका दिवसासाठी सहा-आठ महिने तयारी करावी लागते. पहाटे उठणे, जेवणाला शिस्त लावणे, सुट्टीचा दिवस सायकलवर घालवणे, घरच्यांचा वेळ मागून घेणे हे सगळे त्यात येते. एवढे करूनही एखादा अणकुचीदार दगड टायरची कड फाडतो आणि शर्यत संपते. मग त्या आठ महिन्यांचे काय झाले? तयारी ही फळासाठी मोजलेली किंमत असेल, तर फळ न मिळालेल्याची ती बुडाली असे म्हणावे लागेल. ती स्वतःच फळ असेल, तर शर्यतीची गरजच उरत नाही. कर्म आणि फळ यांच्या नात्याचा हा जुनाच प्रश्न आहे, आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीत तो फार उघडपणे समोर येतो.

आधी तयारीत काय घडते ते पाहणे जरूर आहे. तिचा मोठा भाग संथ आणि कंटाळवाणा असतो. शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच जोराने तासन् तास सायकल चालवायची. त्याने स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींतील तंतुकणिका वाढतात आणि शरीर चरबीचे इंधन अधिक चांगले वापरू लागते. त्यावर आठवड्यातून एक-दोनदा चढावरचा कठोर सराव. शरीरातला ग्लायकोजेनचा साठा अशा श्रमात दोन-तीन तासांतच संपत येतो, म्हणून दर तासाला साठ ते नव्वद ग्रॅम कर्बोदके पोटात जावी लागतात. धडधडत्या छातीने, हादरणाऱ्या सायकलवर एवढे पचवायला पोटालाही महिनोन् महिने सराव लागतो. लेडव्हिलच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू त्याच प्रमाणात कमी. श्वसनाची गती काही दिवसांत जुळवून घेते, पण तांबड्या पेशी वाढायला आठवडे लागतात. त्यामुळे ज्याला जमते तो महिनाभर आधी उंचीवर जाऊन राहतो. बाकीच्यांना आपला वेग उतरणार हे धरूनच हिशेब मांडावा लागतो.

यंत्राची तयारी याहून बारकाईची असते. पॉवरलाइन नावाचा उतार विजेच्या तारांखालून, पावसाने कोरलेल्या घळींतून जातो. टायरमध्ये हवा जास्त असेल तर चाक दगडावरून उडते आणि कमी असेल तर दगड थेट रिमवर आदळतो. ट्यूबलेस टायरमधले सीलंट काही महिन्यांत सुकते, म्हणून शर्यतीपूर्वी ते नव्याने भरायचे. सीलंटने न बुजणाऱ्या भोकासाठी रबरी प्लग हँडलच्या टोकात किंवा खिशात, अंधारातही हाताला सापडेल अशा जागी ठेवायचा. चेनची जोडकडी, एक जादा ट्यूब, छोटा पंप. प्लग कसा भरायचा हे अनुभवी स्वार घरी, अंगणात, हातमोजे घालून करून पाहतात, कारण शर्यतीत बोटे थंडीने बधिर झालेली असू शकतात. आणि परतीच्या वाटेवर पॉवरलाइनचा हाच उतार चढ होऊन समोर येतो, तेव्हा शंभराहून अधिक किलोमीटर झालेले असतात आणि बहुतेक जण सायकल ढकलत चालतात. म्हणजे ढकलत चालण्याचीही तयारी असावी लागते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. अधिष्ठान म्हणजे शरीर. कर्ता म्हणजे ‘मी करतो’ असे म्हणणारा. करण म्हणजे इंद्रिये. सायकल हाही इथे इंद्रियांचाच विस्तार मानायला हरकत नाही. चेष्टा म्हणजे नाना प्रकारच्या हालचाली आणि व्यापार. पाचव्याविषयी भाष्यकारांत मतभेद आहेत. शंकराचार्य तिथे इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या आदित्यादी देवता घेतात, तर रामानुजाचार्य अंतर्यामी परमात्मा. अर्थ कोणताही घेतला तरी एक गोष्ट कायम राहते: कर्त्याच्या मुठीत न येणारे असे काहीतरी प्रत्येक कर्मात आहे, आणि ते अपवाद म्हणून नव्हे तर कारण म्हणून मोजलेले आहे. त्यापुढेच गीता म्हणते की एकट्या स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची समजूत कच्ची आहे.

या मांडणीचे महत्त्व सहसा पुरेसे ओळखले जात नाही. दैवाचा उल्लेख आला की तो हातपाय गाळण्याचा उपदेश समजला जातो. पण पाचांतली चार कारणे तयारीच्या कक्षेत येतात, आणि त्या चारांशिवाय पाचवे एकटे काहीही सिद्ध करीत नाही. शिवाय पाचव्याची सीमाही स्थिर नाही. सुकलेले सीलंट दैव नाही, ती करणाच्या देखभालीतली कसूर आहे. दुपारी डोंगरावर ढग जमून गारा पडणे हे दैव आहे, पण जॅकेट न घेता वर जाणे हे दैव नाही. चांगली तयारी दैवाचा प्रदेश कमी कमी करीत जाते. तो शून्य मात्र कधी होत नाही.

ग्रीक आणि रोमन स्टोइक तत्त्वज्ञांनी हाच प्रश्न खेळाच्याच भाषेत मांडला होता. एपिक्टेटस सांगतो की ऑलिंपिक जिंकावेसे वाटणाऱ्याने आधी आणि नंतर काय काय येते ते पाहावे. ठरलेला आहार, गोडधोड बंद, उन्हातान्हात ठरल्या वेळी व्यायाम, शिक्षकाच्या हाती वैद्याच्या हाती द्यावे तसे स्वतःला सोपवणे, आणि मग मैदानात घोटा मुरगळणे, धूळ गिळणे आणि एवढे करून हरणेही. हे सगळे पाहूनही इच्छा टिकली, तर उतरावे. त्याचा रोख भित्रेपणाकडे नाही. हार ही गोष्ट तयारीच्या हिशेबात पहिल्याच दिवशी धरावी, एवढेच त्याला म्हणायचे आहे. स्टोइक मताची मांडणी करताना सिसेरोने तिरंदाजाचा दाखला दिला आहे. नेम धरण्यासाठी जे जे करायचे ते सर्व करणे हे तिरंदाजाचे खरे साध्य, आणि बाण लागणे ही हवीशी पण त्याच्या स्वाधीन नसलेली गोष्ट.

इथे एक अडचण उभी राहते. बाण लागण्याची ओढच नसेल तर नेम कोण नीट धरेल? बारा तासांत पोहोचायचेच अशी आच नसलेला माणूस डिसेंबरच्या थंडीत पहाटे साडेचारला उठत नाही. म्हणून शर्यतीला निघालेल्याला ‘फळाचा विचारच करू नको’ असे सांगणे चुकीचे आहे, आणि निष्काम कर्माचा तो अर्थही नाही. उद्दिष्ट वेगळे आणि फळावरचा हक्क वेगळा. उद्दिष्टाने तयारीला दिशा मिळते: किती तास, कोणता चढ, केव्हा विश्रांती हे सारे त्या बारा तासांवरून ठरते. हक्काची भावना मात्र म्हणते, मी एवढे केले, तेव्हा मला मिळालेच पाहिजे. पहिले पूर्ण ठेवून दुसरे सोडता येते. पतंजलीने अभ्यास आणि वैराग्य यांची जोडी घातली ती याच कारणाने असावी. त्याच्या मते अभ्यास दीर्घकाळ, खंड न पडू देता आणि आदराने केला तरच दृढ होतो. खंड न पडू देणे घड्याळ पाहून जमते. आदर तसा येत नाही. तो कामाविषयीच्या प्रेमातून यावा लागतो.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दिलेली आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेली गीतेवरची प्रवचने इथे फार उपयोगी पडतात. बाहेरची क्रिया म्हणजे कर्म, तिच्यात मनाने ओतलेला जीव म्हणजे विकर्म, आणि दोन्ही एकत्र आली की कर्माचा भार नाहीसा होतो, ते अकर्म, असे विनोबा समजावतात. तयारीच्या अखेरच्या दोन आठवड्यांत याची कसोटी लागते. त्या काळात सराव निम्म्यावर आणायचा असतो. शरीर श्रमाने झिजते आणि बळकट होते ते विश्रांतीत, हे शरीरशास्त्राने पक्के केलेले आहे. तरीही नेमके याच वेळी अनेकांचा धीर सुटतो. फळावर हक्क सांगणाऱ्याला रिकामा दिवस म्हणजे बुडालेली कमाई वाटते, तो गुपचूप एक कठीण चढ मारून येतो आणि थकलेल्या पायांनी शर्यतीला उभा राहतो. न करणे हेही कर्माचे अंग आहे, हे पुस्तकात पटते. दोन आठवडे ते पाळणे आधीच्या सगळ्या महिन्यांच्या घामापेक्षा अवघड जाते.

तयारी हे निव्वळ साधन नाही, याचा सर्वांत सबळ पुरावा उत्तेजकांच्या प्रश्नातून मिळतो. उंचीवर महिनाभर राहिल्याने तांबड्या पेशी वाढतात, तशा ईपीओ या संप्रेरकाचे इंजेक्शन घेऊनही वाढतात. रक्तात उमटणारे फळ बरेचसे सारखेच. फक्त फळच मोजायचे असेल तर दोहोंत फरक उरतो तो नियमावलीचा आणि प्रकृतीला असलेल्या धोक्याचा. पण बहुतेकांना फरक त्याहून खोल वाटतो, आणि ते वाटणे बरोबर आहे. पहिल्यात शरीराला एका परिस्थितीशी झगडावे लागते आणि त्या झगड्यातून ते बदलते. दुसऱ्यात बदल बाहेरून आणून बसवला जातो. सीमारेषा मात्र सोपी नाही. घरातच विरळ हवेचा तंबू लावून झोपणाऱ्याचे काय? जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, २००६ मध्ये या तंबूंचा विचार केला. तिच्या नीतिविषयक मंडळाने ते खेळाच्या भावनेशी विसंगत ठरवले, कारण त्यात खेळाडूचा स्वतःचा सहभाग नसतो. संस्थेने मात्र त्यांवर बंदी घातली नाही. हा निर्णय व्यवहाराला धरून होता, तरी मंडळाचे कारण विचार करण्याजोगे आहे. कर्त्याला वगळून झालेली तयारी कितपत तयारी म्हणायची, हा प्रश्न अजून मोकळाच आहे.

राहिला तो अपयशाचा निवाडा. ११ तास ५९ मिनिटांत आलेल्याला बक्कल मिळते, १२ तास १ मिनिटात आलेल्याला मिळत नाही. दोघांच्या तयारीत दोन मिनिटांचाही फरक नसेल, कदाचित दुसऱ्याचीच सरस असेल आणि वाटेत पडलेल्याला उठवायला तो थांबला असेल. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की माणसे एकमेकांचा नैतिक निवाडासुद्धा ज्यावर ताबा नव्हता अशा घटनांवरून करतात. याला त्यांनी नैतिक दैव म्हटले. शर्यतीच्या आयोजकांना कुठेतरी रेघ ओढावीच लागते, त्यात अन्याय नाही. अन्याय होतो तो स्वार ती रेघ आपल्या आठ महिन्यांवर ओढतो तेव्हा.

पाच कारणांची मांडणी हातात असली की हा हिशेब अधिक न्यायाने होतो. वाटेत थांबावे लागलेला स्वार एकेक कारण तपासू शकतो. शरीर कमी पडले असेल तर लांबचे सराव वाढवायचे. पोट बिघडले असेल तर खाण्याचा सराव बदलायचा. चेन तुटली असेल तर ती किती झिजली होती ते पाहायचे. धीर सुटला असेल तर तो कुठल्या चढावर सुटला ते आठवायचे. या चारांत काहीच सापडले नाही, तर पाचव्यात दुरुस्त करण्याजोगे काही नसते. तिथे स्वतःला दोष देणे आणि तयारीला व्यर्थ म्हणणे, दोन्ही सारखेच चूक. केशवाहिन्या, तंतुकणिका आणि पहाटे उठायची सवय तशीच जागेवर असते, आणि पुढच्या वर्षीच्या लॉटरीसाठी अर्ज पुन्हा भरता येतो.