फ्यूजवरची तार

इचलकरंजीत एसटी स्टँडजवळ मामांचे व्हिडिओ गेमचे पार्लर होते. मागाची पाळी सुटली की तरणी पोरे तिथे गर्दी करायची, आणि बहुतेकांना हवा असायचा एकच खेळ, 'मुस्तफा'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली काढलेल्या या खेळाचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स'. पण त्यातल्या चार लढवय्यांपैकी मुस्तफावर पोरांचा जीव जडला आणि अख्खे मशीनच त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले आणि पार्लर बंद झाले. बाकीची मशिने मामांनी भंगारात घातली. हे मात्र, आधीच बंद पडलेले असूनही, घरी आणून जिन्याखाली ठेवले.

डिप्लोमा करणाऱ्या भाच्याने ते चालू करायचे मनावर घेतले. मीटर लावून पाहिले, तर पिक्चर ट्यूब चालवणाऱ्या बोर्डावरचा हॉरिझॉन्टल आउटपुटचा मोठा ट्रान्झिस्टर शॉर्ट. त्याने त्याच नंबरचा नवा आणून बसवला, जळून तुटलेल्या पट्टीवर जाड वायरचा जंपर मारला, नवा फ्यूज घातला आणि बटण दाबले. चित्र आले! मामा बघतच राहिले. थोड्या वेळाने फट् आवाज झाला आणि पुन्हा काळोख. फ्यूज उडाला होता, ट्रान्झिस्टरही गेला होता.

"दोन अँपिअरचा टिकत नाही मामा, पाचचा घालतो," भाचा म्हणाला.

मामांनी मान डोलावली, पण गल्लीतल्या आण्णांना बोलावून घेतले. आण्णांनी हयातभर डबा टीव्ही दुरुस्त केले. असा माणूस मशीनशी कसा वागतो, ते बघण्यासारखे असते. त्यांनी आधी प्लग काढला. मग एका लांब स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून तिचे दुसरे टोक ट्यूबभोवतीच्या अर्थिंगच्या पट्टीला जोडले आणि एक हात पाठीमागे धरून स्क्रूड्रायव्हरचे टोक ट्यूबच्या पाठीवरच्या रबरी टोपीखाली सरकवले. टक्क असा आवाज आला. त्या टोपीखाली वीस हजार व्होल्टच्या घरातला दाब असतो आणि प्लग काढल्यावरही ट्यूब तो धरून ठेवू शकते.

"आता सांग, जुना फ्यूज कुठाय?"

भाच्याने टेबलावरच्या डबीतून काढून दिला. आण्णांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. काचेच्या नळीवर तांब्याच्या तारेचे बारीक पदर गुंडाळलेले होते, आणि टोपणांपाशी ते काळे पडले होते.

"हे मीच केलं," मामा म्हणाले. "दिवाळीची सुट्टी होती. फ्यूज सारखा उडायचा. दारात पोरं उभी. गल्ला थांबू नये म्हणून तार गुंडाळली. सुट्टीभर मशीन झकास चाललं. मग एक दिवस धूर आला. मला वाटलं, मशीनचं वय झालं."

"वय नाही झालं," आण्णा म्हणाले. "मागाचा आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, का नाही? तो खटका बांधून ठेवला तर माग चालेल, पण कापडात भगदाडं पडतील. फ्यूज उडत होता तेव्हा तो काहीतरी सांगत होता. तुम्ही त्याचं तोंड बांधलंत." मग भाच्याकडे वळून म्हणाले, "आणि तू पाचचा घालणार होतास."

भाचा गप्प झाला. मामांना दिसला गल्ला, त्याला दिसले चालू मशीन. हात दोघांचा गेला तो मात्र फ्यूजकडेच.

आण्णांनी बोर्ड उलटा केला आणि भिंगाखाली एकेक टाका पाहत गेले. मोठ्या ट्रान्झिस्टरला हुकूम देणारा एक छोटा ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या एका पायाभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल चीर पडली होती. ड्राय सोल्डर! मशीन गरम झाले की तिथला संबंध कधी लागायचा, कधी सुटायचा. धड हुकूम न मिळाल्याने मोठा ट्रान्झिस्टर तापायचा, जादा करंट ओढायचा, आणि फ्यूज उडायचा. तार गुंडाळल्यावर तो करंट अडवणारे कोणी उरले नाही. आधी ट्रान्झिस्टर गेला, मग बोर्डावरची पट्टीच करपली.

आण्णांनी तो टाका नवा केला, शेजारचेही केले. आणखी एक ट्रान्झिस्टर आणला. थेट मेनवर न देता शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावला: शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि बोर्ड वाचतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला. मग दोन अँपिअरचाच फ्यूज घालून थेट वीज दिली.

चित्र आले, टिकलेही. पण खेळ मध्येच पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. खेळाच्या बोर्डाला पाच व्होल्ट लागतात आणि तिथे भरत होते ४.६. पॉवर सप्लायवर व्होल्टेज वाढवायचा छोटा स्क्रू असतो. भाच्याने त्याला स्क्रूड्रायव्हर लावला आणि थांबला. त्याने मीटर सप्लायच्या टोकाला धरला. तिथे बरोबर पाच होते. म्हणजे उरलेले वाटेत कुठेतरी सांडत होते. बोर्ड ज्या ५६ पट्ट्यांच्या कनेक्टरला जोडतात (१९८५पासूनचे हे जपानी प्रमाण, त्यामुळे एकाच कपाटात वेगवेगळे खेळ बसवता येतात), त्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. त्याने त्या खोडरबराने हलक्या हाताने घासल्या, स्पिरिटने पुसल्या आणि कनेक्टर पुन्हा बसवला. बोर्डावर ४.९८ भरले. स्क्रूला हात लावावा लागला नाही.

आण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी हत्यारांची पिशवी भरली. मामांनी विचारले, "किती द्यायचे?" ते म्हणाले, "ट्रान्झिस्टरचे द्या. टाका घालायला काय लागतं?"

तुमच्याकडे असे जुने मशीन पडून असेल, तर लगेच प्लग लावू नका. आधी फ्यूज काढून बघा, आणि जाणत्या माणसाशिवाय ट्यूबच्या टोपीला हात लावू नका. डब्याच्या टीव्हीवर काम केलेले मेकॅनिक आता थोडेच उरले आहेत. तुमच्या गल्लीत एखादे आण्णा असतील, तर त्यांना या महिन्यातच बोलवा आणि घरातल्या पोरांना शेजारी बसवा.