यंत्र पाहील, पण उत्तर माणसालाच द्यावे लागेल



15 जानेवारी 2025 रोजी पुण्यात सेनादिनाचे संचलन झाले. जवानांच्या तुकड्यांबरोबर चार पायांवर चालणारे यंत्रमानवही त्यात होते. सैन्यात त्यांना ‘रोबोटिक म्यूल’, म्हणजे यांत्रिक खेचर म्हणतात. कॅमेरे लावून त्यांना डोंगरदऱ्यांत टेहळणीसाठी पाठवता येते. त्याआधी, डिसेंबर 2011 मध्ये, पुण्याजवळच्या दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेने तयार केलेले पहिले 5 ‘दक्ष’ रोबोट सैन्याला मिळाले. जवान दूर सुरक्षित जागी बसून दक्ष चालवतो. दक्ष जिनासुद्धा चढतो आणि बॉम्बपर्यंत जाऊन तो निकामी करतो.

अशी यंत्रे ख्रिस्ती माणसाला मान्य असावीत काय?

आपल्या सातारा-सांगलीच्या कितीतरी घरांतील मुले सैन्यात आहेत. सातारजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक यांना 17 नोव्हेंबर 2015 रोजी कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांचा शोध घेताना वीरमरण आले. जंगलात पहिले पाऊल कोणी टाकायचे, या प्रश्नाचे मोल अशा घरांना विचारावे. एखाद्या आईच्या लेकाऐवजी यंत्र पुढे जात असेल, तर त्यात पाप नाही. देवाने दिलेल्या बुद्धीचा तो सदुपयोगच आहे. देशरक्षणाचे कर्तव्य नीट बजावणारा सैनिक शांतीचीच सेवा करतो, असे दुसरी व्हॅटिकन परिषदही सांगते.

धोका त्यापुढे आहे. पाहणाऱ्या यंत्राला बंदूक जोडायला फार वेळ लागत नाही. पडद्यावर हलणारी आकृती अतिरेक्याची, की लाकूडफाटा गोळा करणाऱ्या बाईची, हे ठरवून गोळी झाडण्याचे कामही संगणकावर सोपवले, तर मारणारा कोण? यंत्राला सदसद्विवेकबुद्धी नाही. ते पश्चात्ताप करू शकत नाही, की पापनिवेदनाला येऊ शकत नाही.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील अकरावा व बारावा अध्याय आज घरी जरूर वाचा. सैन्य लढाईवर गेले होते आणि दावीद राजा यरुशलेममध्येच राहिला होता. गच्चीवरून त्याने बथशेबाला पाहिले. पुढे तिच्या नवऱ्याचा, उरीयाचा काटा काढण्यासाठी त्याने सेनापतीला पत्र लिहिले आणि ते उरीयाच्याच हाती धाडले. उरीया शत्रूच्या हातून पडला. दावीदाने तलवारीला हातही लावला नव्हता. बातमी आली तेव्हा, लढाईत असे व्हायचेच, असे म्हणून तो मोकळा झाला. परंतु नाथान संदेष्ट्याने दोष पत्राला दिला नाही, अम्मोनी तलवारीलाही दिला नाही. त्याने खुनाचा जाब दावीदाला विचारला. कितीही दुरून मारले, तरी हात स्वच्छ राहत नाहीत.

म्हणूनच दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 14 जून 2024 रोजी इटलीत जी-7 राष्ट्रांच्या नेत्यांना बजावले की, माणसाचा जीव घेण्याचा निर्णय कोणत्याही यंत्राने कधीही घेऊ नये. यंत्राने धोका दाखवावा. पण समोर दिसणारा कोण आहे, हे माणसाने ओळखावे, शंका असेल तेथे थांबावे आणि केल्याचे उत्तरही माणसानेच द्यावे.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न सेनापतींपुरता नाही. मे 2025 मध्ये सीमेवर तोफा आणि ड्रोन धडधडत होते, तेव्हा आपण घरी बसून मोबाईलवर ती दृश्ये पाहत होतो. काहींनी ती क्रिकेटच्या सामन्यासारखी पाहिली, पुढे पाठवली, हसण्यावारी नेली. त्याच दिवसांत पूंछ येथे कार्मेली धर्मगुरूंच्या ख्राईस्ट स्कूलजवळ तोफगोळा पडला आणि त्या शाळेतील 2 मुले मरण पावली. तोफ डागणाऱ्याने त्यांचे चेहरे पाहिले नव्हते. देवाने पाहिले होते. गच्चीवरचा दावीद आपल्यातही आहे.

या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेत सीमेवरच्या जवानांसाठी आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मुलांसाठी एक गूढ अर्पण करा. इंजिनिअरिंग शिकणाऱ्या आपल्या तरुणांनी उद्या अशी यंत्रे घडवताना एक प्रश्न सोबत ठेवावा: यातून जीव वाचणार आहे, की जीव घेणाऱ्याला लपायला जागा मिळणार आहे?

शांतीचा राजा प्रभू येशू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला ख्रिस्तात,
धर्मगुरू